नदी नसलेल्या बेटावर सात दिवस

पहिला दिवस, सोमवार

विमान खाली यायला लागलं तशी ताई खिडकीला नाक लावून बसली. खाली निळाशार समुद्र आणि त्यात एक फिकट पिवळा तुकडा, भाकरीचा कोर मोडून ठेवावा तसा. चिमुकली शेतं, प्रत्येकाला दगडाची ताल, एकमेकांना चिकटलेली गावं आणि गावागणिक चर्चचा घुमट. बराच वेळ बघून ताई म्हणाली, "अगं, नदी कुठं दिसंना."

शाळेत भूगोल शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे उत्तर पाठ होतं. भूमध्य समुद्रातल्या या माल्टात नदी नाही, एकही नाही. डोंगरही नाही, सगळ्यांत उंच जागा दिंगलीच्या कड्याजवळ, जेमतेम २५३ मीटर. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या माणदेशात पडतो साधारण तेवढाच, आणि तोही हिवाळ्यात. उन्हाळाभर थेंब नाही. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ही माणसं पाणी कुठनं आणत होती?"

लग्न झाल्यापासून वीस वर्षं ताईनं आडाचं पाणी शेंदलंय. डोक्यावर दोन, कमरेवर एक. नव्या गावात गेली की देऊळ, बाजार तिला मागाहून सुचतात. आधी ती पाण्याची जागा विचारते. तिच्या या एका प्रश्नाच्या मागं मागं आम्ही सातही दिवस हिंडलो, आणि मला वाटतं, त्यामुळेच हे बेट आम्हाला नीट दिसलं.

ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, इथं एका दवाखान्यात नर्स आहे. हमरून नावाच्या गावात एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर तो भाड्यानं राहतो. खाली घरमालकीण, सत्तरी ओलांडलेली, एकटी. मधल्या अंगणात जिरेनियमच्या कुंड्यांच्या गर्दीत एक गोल दगडी कठडा, त्यावर लोखंडी झाकण, आणि झाकणावरही दोन कुंड्या. "मावशी, ती बीर," भाचा म्हणाला. "त्यांची विहीर. पण मी उघडलेली कधी बघितली नाही." ताईनं कठड्यावरून हात फिरवला. आतल्या कडेला दोरानं पडलेल्या खाचा होत्या, बोट बसेल इतक्या खोल. "पुष्कळ शेंदलंय हिच्यातनं," ती म्हणाली.

संध्याकाळी नळाचं पाणी प्यालो. मचूळ लागलं. इथं निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं खारं पाणी गाळून, गोडं करून येतं. दाबानं ते अतिशय बारीक पडद्यातून ढकलतात, मीठ मागं राहतं. १९८२ साली घार लाप्सीला असं पहिलं मोठं केंद्र सुरू झालं. उरलेलं पाणी जमिनीखालून उपसतात. सच्छिद्र खडकात मुरलेलं पावसाचं पाणी समुद्राच्या जड पाण्यावर तवंगासारखं तरंगत असतं. उपसा जास्त झाला की खालचं खारं पाणी वर चढतं. हे मी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. त्याची चव पहिल्यांदा जिभेवर आली.

दुसरा दिवस, मंगळवार

व्हॅलेटा. जगातल्या लहानात लहान राजधान्यांपैकी एक, पुरता एक चौरस किलोमीटरही क्षेत्र नाही. बसमधून उतरून नव्या वेशीतून आत गेलो. ही वेस आणि लगतची संसदेची इमारत रेंझो पियानो या इटालियन वास्तुकारानं इथल्याच दगडात बांधली आहे, त्यामुळे नवं आणि चारशे वर्षांपूर्वीचं एकाच रंगाचं दिसतं. सकाळी तो रंग लोण्यासारखा, दुपारी पांढराफटक, संध्याकाळी मधासारखा. हा चुनखडक खाणीतून काढताना इतका मऊ असतो की करवतीनं कापता येतो, आणि हवेत राहिला की वरून टणक होतो.

शहर का बांधलं ते थोडक्यात सांगते. सेंट जॉनच्या पंथाचे सरदार मूळचे जेरुसलेमचे, रुग्णसेवा करणारे आणि तलवारही चालवणारे. ऑटोमन तुर्कांनी १५२२ मध्ये त्यांच्याकडून ऱ्होड्स बेट घेतलं. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सनं त्यांना माल्टा दिला, वर्षाला एक बहिरी ससाणा एवढ्या खंडणीवर. १५६५ च्या मे महिन्यात तुर्कांचं प्रचंड आरमार आलं आणि सप्टेंबरपर्यंत वेढा चालला. वेढा उठला, आणि पुढच्याच वर्षी, २८ मार्च १५६६ ला, सरदारांचा प्रमुख जाँ द व्हालेत यानं या उघड्या खडकाळ टेकाडावर नव्या शहराची कोनशिला बसवली. आखणी फ्रान्चेस्को लापारेल्ली या इटालियन अभियंत्यानं केली. सरळ रेषेत कापणारे रस्ते, समुद्रावरची हवा गल्लीगल्लीतून वाहावी म्हणून.

ताईचा प्रश्न इथं मी मार्गदर्शक बाईंना विचारला. त्या थांबल्या, पायाखालच्या फरशीवर टाच आपटली आणि म्हणाल्या, "इथं." शहर बांधतानाच नियम झाला होता : प्रत्येक घराखाली खडकात टाकं खोदायचं, गच्चीवरचं पाणी त्यात उतरवायचं. टाकं खोदताना निघालेल्या दगडातूनच घर उभं राहायचं. म्हणजे जेवढं शहर वर आहे, तेवढीच पोकळी खाली आहे. ताईनं रस्त्याकडं असं बघितलं, जणू तिला आरपार दिसत होतं. त्यानंतर दिवसभर ती चर्चच्या घुमटांपेक्षा गच्च्यांच्या पन्हाळी बघत होती.

सेंट जॉन कॅथीड्रल बाहेरून साधं, किल्ल्याच्या कोठारासारखं. आत पाऊल टाकलं आणि डोळे दिपले. भिंतीचा एक तसू कोरीवकाम आणि सोन्याच्या मुलाम्याशिवाय मोकळा नाही. जमिनीवर सरदारांच्या सुमारे चारशे समाध्या, रंगीत संगमरवराच्या. कवट्या, सापळे, घड्याळं. मला मात्र आठवतं ते शेजारच्या प्रार्थनागृहातलं कॅराव्हाज्जोचं चित्र, १६०८ सालचं. सेंट जॉनचा शिरच्छेद. साडेतीन मीटर उंच, पाच मीटर रुंद, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त भाग नुसता अंधार. जॉन जमिनीवर पडलाय, मारेकरी काम पुरं करायला कमरेची सुरी काढतोय, एक म्हातारी डोकं गच्च धरून उभी आहे. जमिनीवर सांडलेल्या रक्तात चित्रकारानं आपलं नाव लिहिलंय. त्याच्या हाताची सही असलेलं हे एकच चित्र. तो स्वतः रोममध्ये खून करून पळून आलेला होता. माल्टात त्याला सरदारकी मिळाली, आणि त्याच वर्षी तो इथल्या कैदेतूनही निसटला. त्या म्हातारीच्या चेहऱ्यापुढून मला हलवेना.

दुपारी बाराला वरच्या बाराक्का बागेतून तोफ ऐकली आणि ग्रँड हार्बर बघितलं. याच बंदरात १८७८ साली मुंबईहून आलेले सुमारे सात हजार हिंदी सैनिक उतरले होते. रशियाला धाक दाखवायला ब्रिटिशांनी त्यांना आणलं आणि काही आठवड्यांतच पुढं सायप्रसला धाडलं. त्यांत आपल्याकडची माणसंही असणार. कोकणातून, देशावरून निघालेला कोणी शिपाई या कठड्यापाशी उभा राहून हेच पाणी बघत असेल, या विचारानं मी जरा वेळ गप्प झाले. त्याच शतकाच्या अखेरीस सिंधी व्यापारी आले, त्यांनी व्हॅलेटात कापडाची, नवलाईच्या वस्तूंची दुकानं मांडली; त्यांची पुढची पिढी आता अस्सल माल्टी बोलते.

परतताना सरदारांचा जुना दवाखाना दिसला. १५७४ साली सुरू झालेला. त्यातला मोठा कक्ष १५५ मीटर लांब आहे. तिथं रोग्याला चांदीच्या ताटात जेवण मिळायचं, कारण चांदी स्वच्छ ठेवता येते. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईतून जखमी जवान इतके आले की या बेटाला 'भूमध्य समुद्राची परिचारिका' म्हणायला लागले. भाचा हे सांगत होता तेव्हा ताईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. बोलली काही नाही.

तिसरा दिवस, बुधवार

राबातकडं जाणाऱ्या बसमधून रस्त्याच्या कडेनं दगडी कमानींची लांबच लांब रांग दिसायला लागली. ताईनं माझा दंड धरला. "ही काय गं?"

व्हॅलेटाचं शहर वाढत गेलं आणि घरोघरच्या टाक्यांचं पाणी पुरेना. तेव्हा विन्याकूर या प्रमुख सरदारानं १६१० ते १६१५ या काळात राबात-दिंगलीच्या झऱ्यांचं पाणी सुमारे १६ किलोमीटरवरून शहरात आणलं. जमीन उंच असेल तिथं जमिनीखालून, खोलगट असेल तिथं कमानींवरून, सगळीकडं नुसत्या उतारानं. पाणी मध्येच झिरपून जायचं, ते बोलोन्याहून आलेल्या बोंतादिनो नावाच्या अभियंत्यानं ज्वालामुखीच्या मातीचा चुना वापरून थांबवलं. १६१५ च्या एप्रिलमध्ये राजवाड्यापुढच्या कारंजातून पाणी उडालं, तेव्हा त्या चौकात जमलेल्या बायकांना काय वाटलं असेल, ते ताईइतकं कोणाला कळणार? आमच्या गावात पहिल्यांदा नळाला पाणी आलं, त्या दिवशी सासूनं नळाला हळदकुंकू लावलं होतं, असं ती मला बसमध्ये सांगत होती.

झरे राबातलाच का? कारण बेटाच्या खडकांचे थर. सगळ्यांत वर कठीण चुनखडक, त्याच्याखाली निळी चिकणमाती, तिच्याखाली तो करवतीनं कापता येणारा मऊ दगड आणि तळाशी पुन्हा कठीण खडक. पाऊस वरच्या खडकातून मुरत जातो, चिकणमातीपाशी अडतो आणि कडेनं झऱ्याच्या रूपानं बाहेर येतो. म्हणून राबातला लागूनच असलेली जुनी राजधानी म्दीना त्या खडकाच्या टोकावर, झऱ्यांच्या सोबतीनं बसली. माल्टीत झऱ्याला 'आइन' म्हणतात, आणि डोळ्यालाही 'आइन'च. हा शब्द मी वहीत लिहून ठेवला.

म्दीना हे नाव अरबी मदीनावरून, म्हणजे शहर. ८७० मध्ये अरब आले, १०९१ मध्ये सिसिलीहून नॉर्मन रॉजर आला, पण अरबांची भाषा राहून गेली. आज माल्टी ही युरोपीय संघाची एकमेव सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या कुळातली, अधिकृत भाषा आहे आणि लिपी रोमन. लोक कडवे कॅथलिक, पण देवाला म्हणतात 'आल्ला' आणि ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळाला 'रान्दान', रमजानवरून. मला तर कान टवकारून बसावंसं वाटलं, कारण ओळखीचे शब्द सारखे सापडत होते. दुनियेला 'दिन्या', किताबाला 'क्तीब'. कत्तल, फकीर आणि हक्क हेही आहेत, फक्त त्यातला 'क' ही माणसं घशात गिळून टाकतात. फारशीवाटे मराठीत आलेली अरबी आणि सिसिलीवाटे इथं पोचलेली अरबी अशा दोन दूरच्या बहिणी एका चहाच्या टेबलावर भेटल्या.

आणि चहासुद्धा! राबातमधल्या एका छोट्या दुकानात काचेच्या पेल्यात दुधाचा गोड चहा मिळाला. ताईनं पेला वरच्या कडेला दोन बोटांनी धरला, तसाच शेजारच्या म्हाताऱ्यानंही धरला होता. सोबत पास्तीत्सी, म्हणजे पापुद्र्यांची गरम करंजी, आत रिकोटा चीज किंवा शिजवलेले वाटाणे. वाटाण्याची आम्ही दोनदा घेतली.

म्दीनाच्या गल्ल्या अरुंद आणि वळणाच्या, बाण सरळ जाऊ नये आणि ऊनही सरळ येऊ नये अशा. आत जेमतेम काहीशे माणसं राहतात. दारांवर माशांच्या आकाराचे पितळी ठोके. आमच्याच पावलांचा आवाज ऐकत फिरलो.

चौथा दिवस, गुरुवार

हा दिवस मला सगळ्यांत जवळचा.

पावला गावात हाल साफ्लिएनीचं भुयारी मंदिर आहे. एका वेळी फक्त दहा माणसांना सोडतात, कारण श्वासातल्या बाष्पानंही आतले रंग खराब होतात. भाच्यानं तीन महिने आधी तिकिटं काढून ठेवली होती. फोन, कॅमेरा बाहेर. जिना उतरत गेलो. खडकात कोरलेल्या तीन मजल्यांच्या खोल्या, सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी शिंगांच्या आणि गारगोटीच्या हत्यारांनी खणलेल्या. धातू त्यांना ठाऊकच नव्हता. छताला गेरूनं काढलेल्या वेलांट्या. बाहेरच्या देवळांसारखेच खांब, चौकटी, छताचे टप्पे सगळं उलट बाजूनं, खडक काढून टाकून घडवलेलं. इथं सुमारे सात हजार माणसांची हाडं सापडली. 'झोपलेली बाई' म्हणून प्रसिद्ध असलेली तळहाताएवढी मूर्तीही इथलीच. मंचकावर कुशीवर झोपलेली, अंगानं भरलेली, एक हात डोक्याखाली. ती व्हॅलेटाच्या संग्रहालयात आहे.

आणि हे सापडलं कसं? १९०२ मध्ये वर नवी घरं बांधताना मजूर घराखालचं पाण्याचं टाकं खणत होते. खणता खणता भुयाराचं छत फुटलं. मार्गदर्शकानं हे सांगितलं तेव्हा अंधारात ताईनं माझा हात दाबला.

तिथून बसनं दक्षिण किनाऱ्यावर हाजर ईम आणि म्नायद्रा. हाजर म्हणजे दगड. समुद्राकडं तोंड करून उभी असलेली ही देवळं पिरॅमिडांहून जुनी आहेत. हाजर ईम मऊ दगडाचं, म्हणून वाऱ्यानं त्याला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पाडलीत. खालचं म्नायद्रा कठीण दगडाचं. विषुवदिनी उगवत्या सूर्याचा किरण म्नायद्राच्या दारातून सरळ आतल्या गाभ्यात पोचतो. दोन्हींवर आता ऊनपाऊस लागू नये म्हणून मोठे तंबू उभारले आहेत. बांधणारे लोक हजार-बाराशे वर्षं देवळं बांधत राहिले आणि इसवी सनापूर्वी अडीच हजारच्या सुमारास दिसेनासे झाले.

"प्यायचे काय?" ताई.

म्नायद्रापासून जवळच उघड्या खडकावर मिस्का नावाची जागा आहे. तिथं आमच्याशिवाय कोणी नव्हतं. खडकाच्या पाठीवर गोल तोंडं, आणि वाकून बघितलं तर आत पोट सुटलेली टाकी, रांजण जमिनीत पुरावेत तशी. उतारावरून पाणी आपसूक आत यावं म्हणून खडकात पन्हळी कोरलेल्या. देवळांइतकीच जुनी असावीत असं मानतात. एप्रिल असूनही एकात पाणी होतं, हिरवट, त्यावर आभाळ. ताई गुडघ्यावर बसली, पदर सावरला आणि ओंजळ आत घालून पाणी ढवळून बघितलं. "झाकण घालत असणार," ती म्हणाली, "नाहीतर उन्हानं आटलं असतं." खरंच, एकदोन तोंडांवर भोकं असलेले दगड बसवलेले होते. ज्यांचं नाव, भाषा, देव काहीच उरलं नाही, त्यांच्या पाणी भरण्याच्या जागेशी माझी बहीण अशी बोलत बसली होती.

संध्याकाळी मार्साश्लोक. बंदरात लुत्सू जातीच्या होड्या, निळ्या-पिवळ्या-लाल-हिरव्या पट्ट्यांच्या, आणि प्रत्येकीच्या नाळेवर दोन कोरीव डोळे. हे डोळे प्राचीन काळच्या दर्यावर्दी फिनिशियन लोकांपासून चालत आले असं सांगतात. होडीला वाट दिसावी आणि नजर लागू नये म्हणून. एक कोळी डोळ्याच्या भुवईवर नवा रंग देत होता, जीभ दातात धरून, श्वास रोखून. 'आइन,' मी बोट दाखवून म्हणाले. तो हसला.

पाचवा दिवस, शुक्रवार

गुड फ्रायडे. दुकानं बंद, चर्चच्या घंटाही बंद. त्याऐवजी लाकडी खुळखुळ्याचा रखरखीत आवाज. भाच्याची ड्यूटी होती. घरमालकीणबाईंनी सकाळी क्वारेझिमाल आणून दिले, बदामाची मधाळ वडी, उपवासाला चालणारी, अंडं-लोणी नसलेली. ताईनं त्यांना शेंगदाण्याची चटणी दिली.

संध्याकाळी झेब्बूजची मिरवणूक बघितली. वधस्तंभाच्या वाटेवरच्या प्रसंगांचे मोठे पुतळे, खांद्यावर वाहणारे पुरुष, रोमन शिपायांच्या वेषातले गावकरी, घोडे, आणि पुढं पुढं सरकणारं बँडचं संथ शोकगीत. पुतळा खाली टेकवताना वाहणाऱ्यांचे गुडघे थरथरत होते. पालखीचे भोई बघितलेल्या माणसाला त्याचं वजन सांगावं लागत नाही.

सहावा दिवस, शनिवार

फेरीनं पंचवीस मिनिटांत शेजारचं गोझो बेट. माल्टी लोक त्याला आउदेश म्हणतात. इथं निळी चिकणमाती जास्त टिकून आहे, म्हणून हिरवळही जास्त. टेकड्या माथ्यावर सपाट, खाली उतरत जाणारी पायऱ्यापायऱ्यांची शेतं.

शारा गावातली जगंतिया देवळं आणखी जुनी, इसवी सनापूर्वी ३६०० च्या सुमाराची. एका राक्षसिणीनं बाकला आणि मध खाऊन, कडेवर पोर घेऊन, एकटीनं ती बांधली अशी गोष्ट आहे. ताईला ही गोष्ट फार आवडली. कडेवर पोर घेऊन कामं कशी करतात ते तिला ठाऊक आहे.

पण गोझोची खरी गोष्ट किल्ल्यात आहे. जुलै १५५१ मध्ये तुर्गुत रेईस हा समुद्री चाचा आणि ऑटोमन आरमार यांनी हा किल्ला घेतला आणि जवळजवळ सगळं बेट, सुमारे पाच हजार माणसं, गुलाम म्हणून नेलं. बेट रिकामं झालं. त्यानंतर वस्ती पुन्हा हळूहळू आली, आणि १६३७ पर्यंत गोझोकरांनी रात्री किल्ल्यातच झोपायचं असा नियम होता. मी तटावरून चारी बाजूंचा समुद्र बघत होते. नजर जाईल तिथून संकट येऊ शकत होतं. किल्ल्यात खडकात खोदलेली धान्याची पेवं आहेत, बाटलीच्या आकाराची, आत उतरायला जिना केलाय. ब्रिटिशांनी त्यांच्यात पाणी साठवायला सुरुवात केली. आत बोललं की आवाज घुमून परत येतो. ताई आत उभी राहून हळूच "ओ" म्हणाली आणि बराच वेळ ऐकत राहिली.

मग फोंताना गावात थोरला झरा. रस्त्याच्या कडेला दगडी कमानींखाली धुणं धुवायची कुंडं, झऱ्याचं पाणी एकातून दुसऱ्यात. कडेचे दगड आपटून आपटून गुळगुळीत झालेले.

उत्तर किनाऱ्यावर श्वेयनीची मिठागरं. पिवळ्या खडकात कोरलेले शेकडो चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे, समुद्राला लागून. एक कुटुंब हिवाळ्याची घाण काढून कुंडं धूत होतं. मीठ उन्हाळ्यात धरतं. गोड्या पाण्यासाठी जिवाचं रान करणाऱ्या बेटानं खाऱ्या पाण्यालाही तसंच कुंडात बसवलंय. आम्ही एक पिशवी जाड मीठ घेतलं. द्वेय्राची प्रसिद्ध खडकाची कमान मात्र दिसायची नाही. ती ८ मार्च २०१७ च्या वादळात समुद्रात कोसळली. आम्ही तिकडं गेलोही नाही.

सातवा दिवस, ईस्टर

सकाळी बिर्गूला गेलो. हेच ते गाव, १५६५ च्या वेढ्यात सरदारांचं ठाणं. वेढा पडण्याआधी त्यांनी मार्साच्या सखल भागातल्या विहिरी मुद्दाम नासवल्या होत्या, कारण तुर्कांचा तळ पाण्यासाठी तिथंच पडणार हे त्यांनी ओळखलं होतं. तळ तिथंच पडला आणि रोगराईनं माणसं मेली. ताईला हे सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. "विहीर नासवायची म्हणजे," एवढंच म्हणाली. शत्रूची असली तरी.

चर्चमधून पुनरुत्थित ख्रिस्ताचा पुतळा निघाला, आणि चढ लागल्यावर खांदेकऱ्यांनी तो घेऊन धावायला सुरुवात केली. गर्दीनं टाळ्यांचा गजर केला, घंटा पुन्हा वाजायला लागल्या. लहान मुलांच्या हातात फिगोल्ली, बदामाचं सारण भरलेली, वरून साखरेचा रंगीत लेप दिलेली मासा-फुलपाखराच्या आकाराची बिस्किटं.

घरी आलो तर मालकीणबाई अंगणात होत्या. भाच्यानं त्यांना आईचा प्रश्न कधीतरी सांगितला असावा. त्यांनी झाकणावरच्या दोन्ही कुंड्या बाजूला ठेवल्या होत्या. झाकण आम्ही तिघींनी मिळून सरकवलं. गार, ओलसर वास वर आला. बाई मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी सांगायला लागल्या : गच्ची दर वर्षी पावसाळ्याआधी चुन्यानं रंगवायची, पहिल्या पावसाचं पाणी वाया जाऊ द्यायचं, मग नळीची गुडदी काढून विहिरीत सोडायचं. आई होती तोवर या घरात प्यायलाही हेच. युद्धात, १९४२ साली, बाँबनं रस्त्यातली पाण्याची नळी फुटली होती तेव्हा अर्ध्या गल्लीनं इथून पाणी नेलं, असं आईनं सांगितलेलं. आता त्या फक्त कुंड्यांना घालतात, आणि पांढरे कपडे याच पाण्यात धुतात, कारण नळाच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही.

दोराला बांधलेली जस्ताची बादली ताईनं त्यांच्या हातातून घेतली. पाण्यावर पडताना बादली तिरकी व्हायला दोराला जो एक झटका द्यावा लागतो, तो तिनं न बघता दिला. खालून बुडूक आवाज आला. मालकीणबाईंनी मान डोलावली. ताईनं हातावर हात टाकत बादली वर घेतली, कठड्याच्या त्याच खाचेतून.

मग तिनं प्रवासातली सुती साडी आणली आणि त्या पाण्यात धुतली. भरभरून फेस आला. बाईंनी गच्चीचं दार उघडून दिलं. चुन्यानं पांढऱ्याशुभ्र केलेल्या गच्चीवर, व्हॅलेटाचे घुमट दिसत होते त्या बाजूच्या दोरीवर, एका टोकाला ताईनं आणि दुसऱ्याला बाईंनी धरून साडी झटकली आणि वाळत घातली.